घर बांधताना माती सांभाळा
(ग्रामसंघाच्या सभेतील भाषण)

मैत्रिणींनो, घरकुलाचा पाया खणला की माती उताराला लोटली जाते. वळवाच्या पहिल्या सरीतच ती गटारात, खालच्या शेतात, नाहीतर विहिरीत जाते. ते गढूळ पाणी मग प्यायचं कुणी?

म्हणून गवंड्याशी आधीच बोला. वरच्या अंगाला चर काढा, म्हणजे पाणी पायाच्या खड्ड्यात न शिरता बाजूनं जाईल. मातीचा ढीग ओढ्यापासून लांब ठेवा, ताडपत्रीनं झाका. खालच्या अंगाला मातीनं भरलेल्या गोण्या ओळीनं रचा. पाणी थबकेल, गाळ तिथंच बसेल. कडेचं गवत उपटू नका.

मृग लागतो ७ जूनच्या सुमारास. त्याआधी पाया भरून घ्या. एकीचं घर उभं राहताना दुसरीचं पाणी नासायला नको, बायांनो!