उतारावर गवत राखा



आज बोलू या उतारावरच्या गवताविषयी.

वळवाचा पाऊस उघड्या माळावर आदळतो.
थेंबांच्या माराने माती सुटी होते.
तिची छिद्रं बुजतात.
आणि पाणी गढूळ होऊन ओढ्याकडे पळतं.

गवत असलं, की थेंब पात्यांवर फुटतो.
मुळं माती धरून ठेवतात.
पाण्याचा वेग मोडतो, ते जमिनीत मुरतं.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं हे करून दाखवलं.
डोंगरावर चर खोदले, झाडं लावली,
आणि चराईबंदी पाळली.
चारा कापून न्यायची मुभा मात्र ठेवली.
मला विचाराल, तर चरांइतकीच ही बंदी मोलाची.

तुमच्या पडीक उतारावर पवना, मारवेल वाढवा.
बांधावर वाळ्याचे ठोंब लावा, पाऊस सुरू होताच.
ओळ उताराला आडवी हवी.
उभी लावलीत, तर पाण्याला वाटच मिळते!
वाळ्याची मुळं सरळ खोल जातात,
शेजारच्या पिकात फारशी पसरत नाहीत.

पुन्हा सांगतो, उतार उघडा ठेवू नका.
पहिल्या वर्षी त्यावर गुरं सोडू नका.
गवताचं बी जमिनीवर पडू द्या,
मगच विळा लावा.