सल्ल्यामागची नोंद
(रुग्णालयाच्या वर्धापनदिनी प्रशासकांनी कर्मचारीवर्गासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या ग्रामीण आरोग्य विभागाची पाहणी करण्यासाठी येत्या काही महिन्यांत एका परदेशी अर्थसाह्य संस्थेचे सल्लागार येणार आहेत. त्यांच्या अहवालावर पुढील तीन वर्षांचे अनुदान अवलंबून आहे, आणि आरोग्यसेविकांचे मानधन याच अनुदानातून दिले जाते. त्यामुळे आपणांपैकी अनेकांच्या मनात काळजी आहे, याची मला जाणीव आहे. बाहेरून आलेल्यांना आपली गावे काय कळणार, असे काहींना वाटते. दहा देशांत काम केलेल्या तज्ज्ञांना आपण काय सांगणार, असे इतर काहींना वाटते. आंतरराष्ट्रीय आरोग्य सल्ल्यामागे नेमके कोणते ज्ञान असते, हे समजून घेतले तर ही दोन्ही मते थोडी बाजूला ठेवता येतील, असे मला वाटते.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. औषधोपचाराविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. परंतु समोर आलेल्या आकड्याच्या पाठीशी कोणती नोंद आहे, हे पाहण्याची सवय हिशेबाच्या कामाने मला लावली आहे. त्याच दृष्टीने मी एक उदाहरण आपणांसमोर ठेवतो.

पटकीच्या रुग्णाला मीठ आणि ग्लुकोजचे योग्य प्रमाणातील पाणी पाजले तर शिरेतून द्यावयाच्या सलाईनची गरज पुष्कळ कमी होते, हे १९६८ साली ढाका येथे डॉ. डेव्हिड नेलिन व डॉ. रिचर्ड कॅश यांनी दाखवून दिले होते. मात्र ते रुग्णालयातील, डॉक्टरांच्या देखरेखीखालचे काम होते. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून लक्षावधी निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. सीमेजवळच्या बनगाव येथे पटकीची साथ पसरली आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा यांची पाकिटे तयार करवून घेतली. ती पाण्यात मिसळून रुग्णांच्या नातेवाइकांच्याच हातून रुग्णांना पाजली. या द्रवाचा खर्च लिटरमागे सुमारे अकरा पैसे होता. आठ आठवड्यांत तीन हजार सातशेहून अधिक रुग्णांवर उपचार झाले आणि सुमारे ३० टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले. साथीच्या त्या धावपळीतही किती रुग्ण आले आणि किती दगावले, याची नोंद ठेवली गेली होती. जागतिक आरोग्य संघटनेचे डॉ. धीमान बरुआ यांनी हे काम स्वतः पाहिले व पुढे त्याचा पुरस्कार केला. अतिसार नियंत्रणाचा जागतिक कार्यक्रम १९७८ साली सुरू झाला, त्यामागे अशा नोंदींचे बळ होते.

परंतु उपाय ठाऊक असणे आणि तो घराघरांत पोहोचणे यांत फार मोठे अंतर असते. ते अंतर कापण्याचे काम बांगलादेशातील 'ब्रॅक' या संस्थेने केले. या संस्थेचे संस्थापक फझले हसन अबेद हे व्यवसायाने लेखापाल होते आणि एका तेल कंपनीत लेखा विभागाचे प्रमुख होते, हे सांगताना मला थोडा अभिमान वाटतो, तो आपण समजून घ्याल. १९७२ साली सुरू झालेल्या या संस्थेने १९८० ते १९९० या दशकात सुमारे सव्वा कोटी कुटुंबांतील स्त्रियांना चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी यांचे मिश्रण घरीच करावयास शिकविले. शिकविणाऱ्या कार्यकर्त्या घरोघर जात. काही आठवड्यांनी दुसरे तपासनीस काही घरे निवडून तेथे जात, मातेला काय आठवते ते विचारत आणि मिश्रण करावयास सांगत. कार्यकर्तीचे वेतन या उत्तरांवर ठरे. थोडक्यात, किती घरांना भेटी दिल्या याचे पैसे मिळत नसत. भेटीनंतर मातेपाशी काय उरले, याचे पैसे मिळत.

इतके करूनही एक कोडे समोर आले. माता मिश्रण अचूक करून दाखवीत, परंतु मूल आजारी पडले की फार थोड्या घरांत त्याचा वापर होई. संस्थेने ही गोष्ट झाकून ठेवली नाही, तिचे कारण शोधले. अनेक कार्यकर्त्यांचाच या गूळपाण्यावर विश्वास नव्हता, असे आढळले. स्वतःला जुलाब झाले तर त्या गोळ्या घेत. घरातील पुरुषांना या उपायाची माहितीच दिलेली नव्हती. त्यानंतर कार्यकर्त्यांना अतिसाराच्या रुग्णालयात नेऊन उपचाराचा गुण प्रत्यक्ष दाखविण्यात आला आणि पुरुषांशी बाजारात व मशिदीत बोलण्यास सुरुवात झाली. पुढे २००२ पासून ही संस्था अफगाणिस्तानात व नंतर आफ्रिकेतील काही देशांत कामासाठी गेली. तिच्या शब्दाला जे वजन होते ते अशा चुकलेल्या पावलांच्या प्रामाणिक नोंदीतून आले होते.

आपल्या महाराष्ट्रातही हे घडले आहे. जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली सुरू केलेल्या कामाची माहिती जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आहे. सर्वांसाठी प्राथमिक आरोग्यसेवेचे ध्येय ठरविणारी आल्मा-आटा परिषद त्यानंतर तीन वर्षांनी झाली. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातील स्त्रियांना नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्यास शिकविले. त्या गावांत नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. जगाने ते मानले, कारण प्रत्येक जन्म व प्रत्येक मृत्यू लिहिलेला होता आणि तुलनेसाठी निवडलेल्या इतर गावांतीलही लिहिलेला होता. २००९ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी नवजात बालकांसाठी गृहभेटींची शिफारस केली.

अशा नोंदीविना दिलेला सल्ला महाग पडतो, याचेही उदाहरण आहे. सरकारी दवाखान्यांत रुग्णांकडून शुल्क घ्यावे, असा सल्ला जागतिक बँकेने १९८७ साली विकसनशील देशांना दिला. खर्चाचा काही भाग भरून निघेल आणि सेवा सुधारेल, असा त्यामागचा विचार होता. कागदावर तो तर्कशुद्ध होता. परंतु शुल्कामुळे दवाखान्याच्या पायरीवरूनच परत फिरलेल्या रुग्णाची नोंद कोणत्याच रजिस्टरमध्ये होत नाही. युगांडाने २००१ साली सरकारी दवाखान्यांतील शुल्क रद्द केले, तेव्हा रुग्णांची, विशेषतः गरिबांची संख्या वाढली. तोवर न आलेले रुग्ण तेव्हा दिसले. केसपेपरचे शुल्क ठरविताना आणि निर्धन रुग्णांसाठीच्या दहा टक्के खाटांचा विचार करताना ही गोष्ट मी नेहमी ध्यानात ठेवतो. आपणही ठेवावी, अशी माझी विनंती आहे.

आता आपल्या प्रश्नाकडे वळतो. येणाऱ्या सल्लागारांपाशी निश्चितच ज्ञान असेल. एकाच प्रकारचे काम अनेक ठिकाणी पाहिल्यामुळे कोणती गोष्ट कोठे अडते, हे त्यांना लवकर दिसते. ही दृष्टी आपल्यापाशी नाही, म्हणून त्यांचे आदराने स्वागत करावे. मात्र पावसाळ्यात कोणत्या वाडीचा रस्ता बंद होतो, पहिल्या बाळंतपणासाठी मुलगी माहेरी गेल्यावर तिची नोंद कोणत्या गावात करावयाची, घरात औषधाचा निर्णय सासू घेते की नवरा, हे ज्ञान आरोग्यसेविकांपाशी आहे. त्याशिवाय अहवाल पुरा होणार नाही.

सल्लागारांना तीन प्रश्न विचारण्यास संकोच करू नये. सुचविलेला उपाय आपण कोठे चालताना पाहिला? तेथे त्याचे फळ कोणी मोजले? आणि अनुदान संपल्यानंतर त्याचा खर्च कोण करणार? चांगल्या सल्लागाराला या प्रश्नांचा राग येत नाही.

शेवटी एक विनंती. पाहणीपूर्वी रजिस्टरे सुंदर अक्षरात पुन्हा लिहून काढू नयेत. जी आहेत तशीच दाखवावीत. दगावलेल्या बालकाची नोंद, लस न टोचलेल्या घराची नोंद, तीन भेटींनंतरही दार न उघडलेल्या घराची नोंद, या सर्व नोंदी तेथे असू द्याव्यात. अनुदान मिळावे ही माझीही मनापासून इच्छा आहे. परंतु ते मिळो अथवा न मिळो, या वह्या आपल्या हाती राहणार आहेत आणि पुढील वर्षी कोणत्या वाडीत प्रथम जावयाचे हे त्यांतूनच आपणांस ठरवावे लागणार आहे.