चित्राखालची सही

(पोस्टर कार्यशाळेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



बायकांच्या शिबिरात पक्ष्यांच्या जुन्या चित्रांबद्दल काय बोलायचं, असं तुम्हाला वाटेल. पण घरातल्या बाईचं काम कोणाच्या नावावर जमा होतं, हा आपला नेहमीचा प्रश्न या चित्रांच्या खालच्या कडेवर मला सापडला.

फोटो आणि रंगीत छपाई नव्हती, तेव्हा पक्ष्याचं चित्र तांब्याच्या पत्र्यावर रेघांनी कोरत, त्यात शाई भरून कागदावर ठसा घेत आणि मग एकेक प्रत हाताने रंगवत. शंभर प्रती म्हणजे तोच पंख शंभर वेळा.

१७३१ साली लंडनमध्ये एलीझर अल्बिन यांच्या पक्ष्यांवरच्या ग्रंथाचा पहिला खंड निघाला. त्यात १०१ चित्रं होती. ती लेखकाने आणि त्याच्या मुलीने रंगवली, असं पहिल्या पानावर छापलं होतं. 'त्याची मुलगी', एवढंच! तिचं नाव कळतं ते तिने काढलेल्या चित्रांखालच्या सहीवरून: एलिझाबेथ अल्बिन.

शंभर वर्षांनंतरची दुसरी एलिझाबेथ. ही श्रीमंतांच्या घरी मुलांना शिकवायची. १८२९ मध्ये तिचं जॉन गूल्डशी लग्न झालं. तो मेलेल्या पक्ष्यांत पेंढा भरून ते टिकवण्याचं काम करी. हिमालयातले पक्षी त्याच्या हाती आले, तेव्हा त्यांचं पुस्तक काढायचं ठरलं. १८३० ते १८३२ मध्ये ८० चित्रं निघाली. आता तांब्याऐवजी दगडावर चित्र काढून छापत. रंग मात्र हातानेच भरत. चित्रांखाली सही होती, 'ई. गूल्ड'.

पुढचं पुस्तक युरोपातल्या पक्ष्यांचं. त्यात तिच्या चित्रांखाली आलं, 'जे. आणि ई. गूल्ड'. कच्चं रेखाटन जॉन करून देई, म्हणून जोडनाव अगदी खोटं नव्हे. पण दगडावर चित्र उतरवणारा हात तिचा होता. डार्विनच्या बीगल सफरीतल्या पक्ष्यांची ५० चित्रंही तिनेच दगडावर काढली, आणि डार्विनने ते छापून मान्य केलं.

१८३८ मध्ये तीन लहान मुलं आईपाशी ठेवून ती नवऱ्याबरोबर ऑस्ट्रेलियाला गेली. १८४१ मध्ये आठव्या बाळंतपणानंतर तापाने वारली. वय अवघं ३७. हिमालयातल्या एका सूर्यपक्ष्याला तिचं नाव दिलेलं आहे, पण पुस्तकं आजही 'जॉन गूल्डची' म्हणूनच ओळखली जातात. आणि प्रती रंगवणाऱ्या कारागिरांना तर सहीची जागाच नव्हती.

आता आपल्याकडे वळू. पोस्टरवर आपण गटाचं नाव घालतो. सगळ्यांनी मिळून तसं ठरवलं असेल, तर मला ते पटतं. स्वतःहून नाव मागे ठेवणं वेगळं आणि ते कोणीतरी परस्पर गाळणं वेगळं. म्हणून माझी एकच सूचना आहे. अक्षरं कोणी काढली, चित्र कोणाचं, रंग कोणी भरला, हे पोस्टरच्या पाठीमागे तारखेसह लिहून ठेवा. पुढे आपला इतिहास लिहायला बसणारीला ते उपयोगी पडेल. आज संध्याकाळी पोस्टरं वाळत घालण्याआधीच सुरुवात करू या.