मसाल्याच्या डब्यावरची चिठ्ठी



मी निवृत्त हेडमास्तर. हेडमास्तराने मसाल्यावर काय बोलायचे, असे तुम्ही म्हणाल. सांगतो.

आमच्या वहिनींच्या हाताला चव होती. साधी मटकीची उसळ केली तरी वास गल्लीभर जायचा. त्यांचा काळा मसाला शेजारीपाजारी मागून न्यायचे. वहिनींना अक्षर येत नव्हते. सारे प्रमाण त्यांच्या मुठीत. वहिनी गेल्या, तो मसालाही गेला. मी गावच्या पोरांना तीस वर्षे अक्षरे शिकवली. पण घरात चुलीपाशी बसलेल्या माणसाला शिकवली नाहीत. ही माझी चूक.

पुढे सूनबाई आणि मी तो मसाला आठवून आठवून करू लागलो. पहिल्यांदा मी सगळे जिन्नस एकाच कढईत ओतले. सूनबाई म्हणाली, "मामंजी, असं नका करू. जिरं करपतं अन् धनं कच्चं राहतं." आणि तसेच झाले! चार वेळा बिघडला, पाचव्यांदा जमला. ते प्रमाण आता लिहून ठेवले आहे:

धने पाव किलो, सुके खोबरे 100 ग्रॅम, तीळ 50 ग्रॅम, जिरे 50 ग्रॅम, मिरे 10 ग्रॅम, दालचिनी 10 ग्रॅम, दगडफूल 10 ग्रॅम, लवंग 5 ग्रॅम.

प्रत्येक जिन्नस वेगवेगळा भाजा. आच मंद ठेवा. मसाल्याचा वास त्याच्या आतल्या तेलात असतो. मंद आचेवर तो खुलतो. आच मोठी झाली की वास उडतो आणि मसाला कडू होतो. भाजलेले जिन्नस गार झाल्यावरच कुटा. कुटलेल्या मसाल्याचा वास लवकर जातो. म्हणून महिन्या-दोन महिन्यांपुरताच करा. घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत भरा. बरणी चुलीजवळ ठेवू नका. ओला चमचा घालू नका.

आता फोडणी. मिरचीचा तिखटपणा आणि हळदीचा रंग पाण्यात फारसा उतरत नाही, तेलात उतरतो. म्हणून मसाला आधी तेलात परता, मग पाणी घाला. थोडा मसालाही पुरतो. चव मसाल्याच्या ढिगाने येत नाही, बरं का!

हळद-तिखट विकत आणताना डोळे उघडे ठेवा. तिखटात विटेची भुकटी मिसळतात. हळद पिवळीधमक दिसावी म्हणून काही लोक शिशाचा रंग घालतात. शिसे लेकरांच्या मेंदूला घातक आहे. 2011 च्या नियमांप्रमाणे मसाल्याची पूड बंद पाकिटातच विकली पाहिजे. सुटी घेऊ नका. पाकिटावर 14 आकडी परवाना क्रमांक असतो. तारीख असते. ती वाचा. दुकानदार घाई करील, करू द्या. तुम्हाला आता वाचता येते.

शेवटचे एक काम. आज घरी गेल्यावर एक कागद घ्या. तुमच्या घरच्या मसाल्याचे प्रमाण तुमच्या हाताने लिहा. अक्षर वेडेवाकडे आले तरी चालेल. खाली आपले नाव लिहा आणि ती चिठ्ठी डब्यावर चिकटवा. सासूबाईंना लिहिता येत नसेल तर त्यांना विचारून लिहा, आणि नाव त्यांचे घाला.

आमच्या डब्यावर वहिनींचे नाव आहे. ते त्यांच्या हातचे असायला हवे होते.