पुस्तकाबाहेरची शिदोरी



दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच विचारणा होते, "किती टक्के पडले?" ती गैर नाही. अकरावीचा प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो. पुढे इंजिनिअरिंगला सीईटी आणि डॉक्टरकीला नीट परीक्षा आहेच. मग मुलाने खोखो, चित्रकला, पोवाडा यांत वेळ का घालवावा, असे पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तरही रोखठोक देऊ.

आधी गुणांचा हिशेब पाहू. कला संचालनालयाच्या दोन परीक्षा असतात, आधी एलिमेंटरी आणि मग इंटरमिजिएट. इंटरमिजिएटला 'अ' श्रेणी मिळाली तर दहावीला 7 गुण वाढतात, 'ब'ला 5 आणि 'क'ला 3. खेळाडूला स्पर्धेच्या पातळीप्रमाणे वाढीव गुण मिळतात. शास्त्रीय गायन, नृत्य आणि लोककला यांनाही ही सवलत आहे. आपल्याकडे भारूड, गोंधळ, पोवाडा घराघरांत आहे. ज्याला आपण घरचा नाद म्हणतो, त्याला मंडळाने गुण ठेवले आहेत.

पण दोन-चार गुणांसाठीच हे करावे, असे मात्र नाही. काही दारे अशी आहेत की तिथे गुणपत्रिकेबरोबर माणूसही पाहतात. मुळशीजवळचे महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज किंवा बंगळूरचे अझीम प्रेमजी विद्यापीठ मुलाखत घेतात आणि गरजू मुलांना शिष्यवृत्तीही देतात. तिथे विचारतात, तू काय केलेस, का केलेस, त्यातून काय शिकलास? एनसीसीचे 'सी' प्रमाणपत्र घेतलेल्या पदवीधराला, अटी पुऱ्या केल्यास, लेखी परीक्षेविना सैन्याच्या निवड मंडळापुढे उभे राहता येते. शेजारच्या धाराशिवच्या सारिका काळे खोखो खेळल्या. 2016 साली दक्षिण आशियाई स्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखाली भारताच्या महिला संघाने सुवर्णपदक मिळवले, 2020 साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, आणि तुळजापूरला त्या क्रीडा अधिकारी झाल्या. खोखोला लागते काय? दोन खांब, मोकळे मैदान आणि रोजचा सराव.

"आमच्या खेड्यात सोयी कुठल्या?" असे कुणी म्हणेल. आता पाहा, सांगोला-मंगळवेढ्याकडचा मुलगा गावातल्या दहा विहिरींची पाणीपातळी दर पंधरवड्याला दोरी सोडून मोजू शकतो. वर्षभर वहीत नोंद ठेवली की पाणी कधी आटते, कुठे टिकते, हे त्याला आकड्यांत सांगता येते. नान्नजच्या माळरानाजवळची मुलगी पक्ष्यांची नोंद ठेवू शकते. मंगळवेढ्याची ज्वारी कशी पेरतात, कशी राखतात, हे आजीला विचारून लिहिता येते. त्यातूनच विज्ञान प्रदर्शनाचा प्रकल्प उभा राहतो. सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी 'इन्स्पायर मानक' योजना आहे. निवडलेल्या कल्पनेला 10,000 रुपये मिळतात. मुलाखतीत असा मुलगा अडखळत नाही, कारण तो पाठ केलेले बोलत नसतो.

पालकांनो, एक पथ्य मात्र पाळा. पाच ठिकाणी नाव घालू नका. एक काम, फार तर दोन, पण तीन-चार वर्षे नेटाने करू द्या. पैसे भरून आणलेल्या प्रमाणपत्रांची चळत परीक्षक एका नजरेत ओळखतात.

आणि शिक्षकबंधू-भगिनींनो, एक गोष्ट तुमच्याच हातात आहे. वाढीव गुणांचा प्रस्ताव शाळेकडून जातो. खेळाचा जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या शिफारशीने, आणि आपल्या जिल्ह्याचा पुणे विभागीय मंडळाकडे. मुदत टळली की पोराने गाळलेला घाम कपाटातल्या कागदावरच राहतो. शहरातल्या मुलाचा बाप शाळेत चौकशीला येतो. ऊसतोडीला गेलेला बाप येऊ शकत नाही. त्याच्या वतीने चौकशी करणारे तुम्हीच. म्हणून शाळा सुरू होताच एक वही घाला. विद्यार्थ्याचे नाव, उपक्रम, तारीख आणि प्रमाणपत्राची प्रत, एवढेच तिच्यात असू द्या. मंडळाचे परिपत्रक आले की ते फळ्यावर लिहा आणि पालकसभेत वाचून दाखवा. नियम बदलतात, म्हणून दरवर्षी नवे परिपत्रकच पाहावे.

गुण प्रवेशापर्यंत नेतात. पुढे वसतिगृहात, अनोळखी शहरात, चार माणसांत उभे राहायला मैदानावरची, रंगमंचावरची, विहिरीच्या काठावरची शिदोरी उपयोगी पडते. ती आठवीपासून बांधायला घ्यावी, इतकेच सांगणे.