देह सुटला; मुद्देमालाचे काय?

(राखोली येथील भाषण)



विद्यार्थ्यास अटक झाली की सारे गाव त्याच्या सुटकेची चिंता वाहते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच्याबरोबर ठाण्यात गेलेल्या वह्या, मोबाईल आणि लॅपटॉप यांची वास्तपुस्त सहसा कोणी करीत नाही.

मे २०२५ मध्ये पुण्यातील एका १९ वर्षांच्या अभियांत्रिकी विद्यार्थिनीस समाजमाध्यमावरील मजकुरापायी अटक झाली, महाविद्यालयानेही तिला काढून टाकले. मुंबई उच्च न्यायालयाने २७ मे रोजी तिला जामीन दिला, महाविद्यालयाचा आदेश स्थगित केला आणि परीक्षेची वाट मोकळी केली. न्यायासनाने विद्यार्थ्याचे वर्ष वाचविले, याचे आम्ही स्वागत करतो. पण अशा प्रत्येक प्रसंगी एक गोष्ट ध्यानी धरावी : जामिनाने देह सुटतो, मुद्देमाल सुटत नाही. त्यासाठी निराळा अर्ज लागतो. ज्याची टिपणे आणि प्रकल्प त्या यंत्रात अडकले, त्याने परीक्षेस बसावे ते कशाच्या बळावर?

पोलिसांनी जप्ती करूच नये, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. चोरीच्या अथवा गुन्ह्याचा संशय उत्पन्न करणाऱ्या वस्तू ताब्यात घेण्याचा अधिकार त्यांना १९७३ च्या संहितेतील कलम १०२ ने होता. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतील कलम १०६ ने तो आजही आहे. परंतु तेच कलम जप्तीची वर्दी दंडाधिकाऱ्यांस तत्काळ देण्यास सांगते, आणि कलम १०५ झडतीचे व जप्तीच्या यादीचे चित्रमुद्रण आवश्यक ठरविते. अधिकार आणि बंधन एकाच कायद्याने दिले आहेत. पहिला तेवढा उचलावा आणि दुसरे विसरावे, ही सवलत कोणत्याही ठाणेदारास नाही.

हे बंधन का हवे, याचे उत्तर शेजारच्या गुजरातने दिले आहे. तेथील एका ठाण्यात १९९२ ते १९९६ या काळात जप्त केलेल्या मौल्यवान वस्तूंच्या जागी बनावट वस्तू ठेवल्या, रकमा गिळल्या, मालाचा परस्पर लिलाव केला, असे आरोप खुद्द पोलिसांवरच आले. त्या सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली बजावले की, मुद्देमाल पंधरा दिवस ते फार तर एक महिना, याहून अधिक काळ ठाण्यात ठेवू नये; पंचनामा करावा, छायाचित्रे घ्यावीत आणि हमी घेऊन वस्तू धन्यास द्यावी. नव्या संहितेचे कलम ४९७ हेच सांगते : वस्तू न्यायालयापुढे आल्यावर १४ दिवसांत तिचे विवरण आणि त्यानंतर ३० दिवसांत तिच्या विल्हेवाटीचा आदेश.

पोलीस म्हणतील, यंत्र परत दिले तर पुरावा नष्ट होईल. ही शंका खोटी नाही. पण यंत्रातील मजकुराची मुद्रांकित प्रत काढता येते, आणि तिचा 'हॅश' आकडा जप्तीच्या वेळीच नोंदला तर पुढे कोणीही केलेला फेरफार उघडा पडतो. त्यात पोलिसांचेही रक्षण आहे. प्रत निघाल्यावरही यंत्र अडकवून ठेवायचे असेल, तर त्याचे कारण पोलिसांनी न्यायालयास सांगावे.

दादरा व नगर हवेलीवर अधिकार मुंबई उच्च न्यायालयाचाच आहे. तेव्हा पुण्याच्या मुलीस जो दरवाजा उघडला तो राखोलीच्या मुलासही उघडा आहे. पालकांनो, जप्तीच्या यादीची प्रत मागा. यादी वाचल्यावाचून सही करू नका. कलम ४९७ किंवा ५०३ खाली लेखी अर्ज करा, आणि परीक्षेची तारीख त्यात ठळक लिहा. वकिलाची फी परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा.

अपराध सिद्ध झाला तर न्यायालय शिक्षा देईल. तोवर विद्यार्थ्याची वही कुलपात कुजत ठेवण्याची शिक्षा मात्र कोणत्याही कायद्यात लिहिलेली नाही.