पन्नास लाखांचं मरण



मी डहाणूचा. माझी आई दवाखान्यात कंत्राटी झाडूवाली. दवाखान्याचं नाव सांगत नाही. नाव घेतलं की तेवढा एकच वाईट ठरतो अन् बाकीचे सुटतात. एका सकाळी कचऱ्याच्या पिशवीतली सुई तिच्या तळहातात घुसली. पेशंट कोण, कुणाला पत्ता नाही. मुकादम म्हणाला, साबणानं धू. पगारातून विम्याचे पैसे दर महिन्याला कापत होते, कार्ड मात्र तिनं कधी बघितलं नव्हतं. मी कार्ड मागायला गेलो तर म्हणतो कसा, 'म्हातारी मेली का? मग?'

त्या 'मग?'वर मी बोलणार आहे.

आजारपणाचा विमा ही मेहरबानी नाही. 1942 ते 1946 बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच काळात प्रा. आडारकरांवर हे काम सोपवलं गेलं, 1944 साली अहवाल आला, 1948 साली राज्य कामगार विम्याचा कायदा झाला. मालक भरणार, कामगार भरणार. आजारी पडला की औषध अन् बुडालेल्या मजुरीतला वाटा हक्कानं मिळणार. मरायची अट नाही.

पण त्यासाठी आधी कामगार असावं लागतं. तलासरीच्या पाड्यापाड्यांवर फिरणारी आशा 2005 च्या योजनेपासून 'स्वयंसेविका' आहे. अडलेल्या बाईला रात्री गाडीत घालायची तिनं, अन् तिला पगार नाही, 'मोबदला'. 2013 च्या भारतीय श्रम परिषदेनं योजनेतल्या बायांना कामगार म्हणा, अशी शिफारस केली. ती कागदावरच राहिली. याच मुलखात 1945 साली गोदावरी परुळेकरांबरोबर वारल्यांनी वेठबिगार मोडली. जमीनदारसुद्धा तिला वेठ म्हणत नसेल, रीत म्हणत असेल!

मार्च 2020. करोना. केंद्रानं 22 लाखांवर आरोग्य कर्मचाऱ्यांना 50 लाखांचा विमा जाहीर केला, आशांसकट. ज्या घरांना पैसे मिळाले त्यांना मिळायलाच हवे होते. पण पैसे मेल्यावर. खाटेवर पंधरा दिवस काढून जगली, तर त्यातून छदाम नाही. अन् मेली तरी पुरावा द्या. नवी मुंबईतल्या एका डॉक्टरनं पालिकेच्या नोटिशीनंतर दवाखाना चालू ठेवला, जून 2020 मध्ये तो करोनानं गेला. सरकारनं बोलावलं नव्हतं म्हणून विमा नाकारला. 2021 मध्ये उच्च न्यायालयानंही तेच धरलं. बोलावलंच होतं, हे सर्वोच्च न्यायालय म्हणालं डिसेंबर 2025 मध्ये, अन् दावा पुराव्यावर तपासा म्हणालं. डॉक्टरच्या बायकोला पाच वर्षं. वीटभट्टीवर राबणाऱ्या आशाच्या नवऱ्याला किती?

2024 पासून आशा, अंगणवाडीताईंना आयुष्मान कार्ड, कुटुंबाला वर्षाला 5 लाख. घ्या, जरूर घ्या. पण ते भरती झाल्यावर चालतं. बुडालेली रोजी त्यात नाही. मोठ्या दुखण्याला आमची माणसं वलसाड, सिल्वासा गाठतात, त्या गाडीभाड्याचं काय?

काही शहाणे विचारतात, शेतमजुराला विमा नाही, मग हिलाच का? अरे, त्यालाही द्या ना! पण हिला रोगाच्या दारात आपण पाठवतो. पाठवणारा एक, लागण होणार दुसरीला. म्हणून देणं पाठवणाऱ्याचं. त्यातही आधी हातमोजे, मग विमा. हातमोजे न देता विमा देणारा तिच्या मरणाचा हिशेब आधीच करून बसलेला असतो.

आईची रक्ततपासणी आम्ही पदरच्या पैशानं केली. पुन्हा तीन महिन्यांनी करायची होती. ती गेली नाही. म्हणाली, खाडा पडतो.